अक्रोडाची भूक

ऑपरेशन थिएटरमध्ये उभी हयात काढलेल्या बाईच्या ताब्यात समुद्राचा तुकडा दिला, तर ती काय करील? घासूनपुसून लख्ख करील. दुसरं काय! सिस्टरनी तेच केलं, आणि एका मुक्या जिवाला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. मग त्याच हातांनी त्याला दंडाला धरून परतही आणलं, आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा किती अवघड होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

सिस्टर निवृत्त झाल्या त्याला बराच काळ लोटला, पण बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. हॉस्पिटलातल्या शिकाऊ पोरी पाठीमागे त्यांना ‘फिनेल’ म्हणायच्या. सिस्टरना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बड्याबड्या सर्जनना त्यांनी थिएटरच्या दारातून परत पाठवलं होतं. “डॉक्टर, कोपरापर्यंत. पुन्हा.” एवढंच बोलायच्या. सर्जन मुकाट्याने पुन्हा नळाकडे वळायचे. एखाद्या पेशंटच्या टाक्यात पू झाला तर घरात चोरी झाल्यासारखं सिस्टर मनाला लावून घ्यायच्या, आणि चोर सापडेपर्यंत कुणाला धड बसू द्यायच्या नाहीत.

घरीही तोच खाक्या. मुलगा लहान असताना त्याची लाकडी आगगाडी कुकरमध्ये उकळून निघायची. गाडीचा रंग गेला, चाकं गेली, पण जंतू म्हणून औषधालासुद्धा सापडला नसता. नवऱ्याने जिवंत असेतो घरात बूट घालून पाऊल टाकलं नाही. पाहुणे यायचे ते जपून बसायचे आणि लवकर उठायचे.

अशा घरात सून आली ती खाऱ्या पाण्याची टाकी घेऊन. सामान उतरवणाऱ्या चार जणांनी ती धरून वर आणली, आणि मागून सून स्वतः एक झाकणाची बादली छातीशी धरून आली, कुणाच्या हातात दिली नाही.

“काय आहे गं त्यात?” सिस्टरनी विचारलं.

“अक्रोड आहे, आई.”

बादलीत होतं एक प्रवाळ. हिरवं-तांबडं, वळ्यावळ्यांचं, मेंदूसारखं. सुनेचे वडील एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांनी ते घरी आणलं तेव्हा अक्रोडाएवढं होतं, म्हणून नाव अक्रोड. वर्षानुवर्षं वाढवून त्यांनी त्याला जेवणाच्या ताटलीएवढं केलं, पण नाव काही वाढवलं नाही. लग्न ठरायच्या आधी ते गेले. त्यांच्या मागे सुनेने त्यांचं घड्याळ घेतलं नाही, पुस्तकं घेतली नाहीत. टाकी घेतली आणि अक्रोड घेतला.

सिस्टरना आधी हे प्रकरण बिलकूल पटलं नव्हतं. “घरात डबकं?” असं त्या मुलाला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्याच. पण निळ्या दिव्याखाली अक्रोड फुगून बसायचा, एक पिवळा मासा हातपाय नसताना घरभर मालकी गाजवल्यासारखा हिंडायचा, आणि संध्याकाळचा चहा घेऊन सिस्टर खुर्ची जरा जवळ ओढायच्या. मग आणखी जरा जवळ. सासू-सुनेत फारसं बोलणं नसायचं. भांडण नव्हतं हो, पण मोकळेपणाही नव्हता. दोघी टाकीकडे बघत बसल्या की तेवढं एक बरं चालायचं.

पुढे सुनेला ऑफिसने काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. आता टाकी कुणी बघायची? मुलाचं नाव काढायची सोय नव्हती. त्याने निवडुंग वाळवून दाखवला होता. निवडुंग! सून सामान भरताना सारखी टाकीपाशी येत होती. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “एवढं कसलं टेन्शन घेतेस? माणसं सांभाळली मी. हा तर अक्रोड.”

सुनेने सगळं समजावलं. माशांना खायला काय, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी किती, पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट तपासायचं कसं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. नायट्रेट वाढलं की गुलाबी, फॉस्फेट वाढलं की निळा. “आणि आई, बाकी फार काही करू नका. ते आपलं आपण चालतं.”

हे शेवटचं वाक्य सिस्टरच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्या कानातून तडक बाहेर पडलं. आपलं आपण? आपलं आपण जगात फक्त जंतू वाढतात!

सून विमानात बसली असेल नसेल, तोवर सिस्टरनी बाह्या सरसावल्या. काचेवरचं शेवाळ खरवडलं. मागची काच, जी कुणाला दिसत नाही, तीसुद्धा. वाळू नळीने ओढून धुतली. पाणी वरचेवर बदलू लागल्या. टाकीखाली स्किमर होता, म्हणजे पाण्याचा फेस करून त्यातून घाण बाहेर काढणारं यंत्र. तो त्यांनी पूर्ण जोरावर लावला. फॉस्फेट शोषून घेणारे दाणे एका पिशवीत होते, त्या जागी दोन पिशव्या आल्या. माशांना चिमूटभर खाणं, तेही त्यांनी बोटाला लागलेलं झटकून टाकल्याइतकं. उरलंसुरलं कुजायला नको ना!

आणि नळ्यांचे रंग उतरत गेले. गुलाबी फिका झाला, निळा गेला. एका सकाळी दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या, तर नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य. सिस्टरना थिएटरचे दिवस आठवले. त्यांनी लगेच सुनेला फोन लावला.

“शून्य!” नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट शून्य.

“दोन्ही? कमाल आहे, आई! मला इतकं कधी जमलं नाही.”

“जमेल, जमेल,” सिस्टर उदारपणे म्हणाल्या.

त्यानंतर अक्रोडाची तब्येत बिघडायला लागली. आधी तो पूर्वीसारखा फुगेना. मग रंग उतरला. फोनवर सून बघायची तेव्हा निळा दिवा लागलेला असायचा, आणि निळ्या दिव्यात सगळंच गोजिरं दिसतं. दिवसाच्या उजेडात मात्र तो आजारी माणसाच्या ओठांसारखा पांढुरका दिसत होता. सिस्टरनी एकच निदान केलं, की कुठेतरी घाण राहिली. म्हणून आणखी धुतलं. तो आणखी खंगला. त्यांनी आणखी पाणी बदललं. आजार आणि उपचार दोघे हातात हात घालून चालले होते, आणि बाईंना पत्ता नव्हता.

एक दिवस चहाचा कप घेऊन त्या टाकीपाशी बसल्या, आणि अक्रोडाच्या कडेला त्यांना पांढरी रेघ दिसली. मांस मागे सरकलं होतं आणि खालचा सांगाडा उघडा पडला होता. हाड कसं दिसतं हे सिस्टरना कुणी सांगायला नको. कप तसाच ठेवून त्या उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि बाजारात गेल्या.

बाजाराच्या टोकाला खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान होतं. मालकाला सगळे खारटकाका म्हणायचे. खारं पाणी कॅनने विकायचा आणि बोलायचाही तसाच. सुनेच्या वडिलांचा जुना दोस्त. सिस्टरचा चेहरा बघून त्याने दुकानावर भाच्याला बसवलं आणि तो लगोलग घरी आला.

टाकीपुढे उभा राहून त्याने डोकं खाजवलं. “सिस्टर, माझ्या दुकानात विकायला ठेवलेल्या रिकाम्या टाक्यांची काच एवढी स्वच्छ नसते.”

“मग!” सिस्टर सवयीने म्हणाल्या.

“नायट्रेट किती?”

“शून्य.”

“फॉस्फेट?”

“शून्य.” छाती अजून थोडी फुगलेलीच होती.

खारटकाकाने त्यांचीच खुर्ची ओढली आणि बसला. “म्हणजे तुम्ही याला उपाशी मारलंत.”

सिस्टरनी दोन्ही नळ्या त्याच्यापुढे धरल्या.

“अहो, त्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं. उजेडावर ते अन्न बनवतं, त्यावर हा जगतो. आणि त्या शेवाळाला लागतं थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट. मासे खातात, घाण करतात, त्यातून ते येतं. फार झालं तर काचांवर हिरवळ माजते, कोरल गुदमरतं, ते खरं. पण जेवणात मीठ फार झालं तर वाईट, म्हणून घालायचंच नाही का? तुम्ही ताटच उचलून नेलंत त्याच्यापुढचं! वर दिवे फुल्ल. उपाशीपोटी उन्हात उभं केलंत.”

कुणी तोंडावर फिनेल म्हटलं असतं तर सिस्टर हसल्या असत्या. कामचुकार म्हटलं असतं तर भांडल्या असत्या. पण उपाशी मारलंत? पेशंटला? त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“वाचेल का?”

“सांगवत नाही. माझ्या दुकानातल्या टाकीत हलवू म्हणता तर हलवतो. तिथे पाणी बेताचं घाण आहे. पण या अवस्थेत दगडावरून उचलताना, गाडीत हिंदकळताना टिकेल याची खात्री नाही.”

सिस्टरनी फोन उचलला. खारटकाका म्हणाला, “आत्ताच कशाला? बघू चार दिवस.” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “नातेवाइकांपासून लपवायचं नसतं. मी डॉक्टरांनाही लपवू दिलं नाही कधी.”

सून फोनवर आली. सिस्टरनी आडपडदा न ठेवता सांगितलं. “अक्रोडाची तब्येत गंभीर आहे. मी फार स्वच्छता केली, त्यात त्याची उपासमार झाली. चूक माझी. काका दुकानातल्या टाकीत हलवू म्हणतात, पण वाटेत टिकेल याची खात्री नाही.” पलीकडून बारीक आवाज आला, “दुकानात हलवायचं का, आई? तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?”

आता काय सांगायचं? इथे ठेवला आणि गेला, तर सासूने बापाची शेवटची खूण घालवली, हे घरात कुणी बोलणार नाही आणि कुणी विसरणारही नाही. दुकानात पाठवला तर जबाबदारी निदान वाटून जाईल. सिस्टरनी अक्रोडाकडे बघितलं. ती पांढरी कड बघितली.

“पेशंट हलवायचा नाही,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

“बरं,” सून म्हणाली. एवढंच. पण ते ‘बरं’ सिस्टरच्या छातीवर दगडासारखं बसलं.

खारटकाका उत्साहात आला. “चला तर! स्किमर बंद, दाणे बाहेर, माशांना पोटभर, वर नायट्रेटचे थेंब. चार दिवसांत आणू वर.”

“चार दिवसांत नाही,” सिस्टर म्हणाल्या. आवाज थिएटरमधला होता. “फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम ताट वाढलं तर तो ताटावरच मान टाकतो. मी बघितलंय. चमच्याने भरवायचं.”

खारटकाकाने ओठ दुमडले, विचार केला आणि मान हलवली. “हे मात्र तुमचं बरोबर. हळूच चढवू. आणि दिवेही मंद करा.”

तर अशा तऱ्हेने फिनेलबाई घाण करायला शिकल्या. आधी दाण्यांची एक पिशवी काढली, मग दुसरी. स्किमर दिवसातला थोडाच वेळ. पाणी बदलणं थांबवलं. माशांना खाणं वाढवलं. पिवळ्या माशाचं तर काही दिवसांत पोट सुटलं. मुलगा एकदा कामावरून आला आणि आई टाकीत दुसऱ्यांदा खाणं टाकते आहे हे बघून दारातच थबकला.

“आई, तू मुद्दाम घाण करतेयस?”

“हो.”

“माझी आगगाडी उकळणारी तूच ना?”

“जेव गुपचूप.”

पण हातांना कोण समजावणार? काचेवर हिरवट साय धरली तशी सिस्टरची बोटं वळवळायला लागली. समोरच्या काचेवर फक्त बघण्यापुरती खिडकी पुसायची परवानगी खारटकाकाने दिली होती. बाकी काचांकडे बघून त्यांच्या अंगावर काटा यायचा. मग त्या उठायच्या आणि स्वयंपाकघरातली स्वच्छ भांडी पुन्हा घासायच्या. शेजारीण साखर मागायला आली, टाकी बघितली आणि वाटी हातातच राहिली. “अगंबाई! सिस्टर, तुमच्याकडे शेवाळ?” दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर झालं की सिस्टरचं वय झालं, आता होत नाही त्यांच्याने. जी बाई ग्लासावरचा बोटाचा ठसा सहन करत नव्हती, तिने हेही गिळलं.

आणि मग वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर आला. वरून बुडबुडे. असं ओंगळ काही सिस्टरच्या घरात आजवर आलं नव्हतं. त्यांनी बादली आणली, नळी आणली, बाह्या वर केल्या, आणि नळी पाण्यात घालायच्या आधी कसंबसं स्वतःला आवरून खारटकाकाला फोन केला.

“थर आलाय. काढू?”

“वरचेवर अलगद ओढून घ्या आणि तेच पाणी गाळून परत टाका. नवीन पाणी घालाल तर पुन्हा शून्यावर याल. धीर धरा, सिस्टर. हे उपासमारीतच येतं. पाण्यात दम आला की जाईल.”

धीर! बोलायला काय जातं त्याचं. सिस्टरनी फोन ठेवून त्याला चार शेलक्या शिव्या घातल्या आणि सांगितलं तसंच केलं. अक्रोडाची पांढरी कड वाढत नव्हती, पण कमीही होत नव्हती. सून फोनवर विचारायची आणि सिस्टर सांगायच्या, “स्थिर आहे.” हा शब्द त्यांनी आयुष्यभर इतरांना सांगितला होता. त्याने ऐकणाऱ्याचं काय होतं हे त्यांना आता कळत होतं.

एका सकाळी नळीत थेंब टाकून त्यांनी ती खिडकीशी धरली. नितळ होती? नाही हो! फार बारीक, पण निळसर छटा होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मुलाला झोपेतून उठवलं. “हे बघ! निळं आहे ना?” त्याने एक डोळा उघडला. “आहे थोडं.” “फॉस्फेट आलं रे!” सिस्टर ओरडल्या. हाच रंग त्यांनी हाकलून लावला होता आणि आज तो आला म्हणून त्यांना नाचावंसं वाटत होतं. तपकिरी थर पुढे विरळ होत गेला आणि एक दिवस निघून गेला.

अक्रोड मात्र गप्प होता. खारटकाका म्हणाला होता की भूक परतली तर दिवे मंद झाल्यावर त्याच्या वळ्यांतून बारीक स्पर्शिका बाहेर येतील, खायला मागणाऱ्या. सिस्टर रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन बसायच्या. फोन आला तरी उठायच्या नाहीत. आणि एका संध्याकाळी, चहा निवत असताना, अक्रोडाच्या मधल्या वळीतून काहीतरी डोकावलं. पारदर्शक, तांदळाच्या टोकाएवढं. मग शेजारी आणखी एक. मग ओळच.

सिस्टर ताडकन उठल्या. पंप बंद केला, कोळंबीचा बारीक तुकडा लांब चिमट्यात धरला आणि हात पाण्यात घातला. पिवळा चोर आलाच. पहिला तुकडा त्याने पळवला, दुसराही. “मेल्या, तुझं पोट फुटेल!” म्हणत सिस्टरनी प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापला आणि ती अर्धी बाटली अक्रोडावर झाकली, वरच्या तोंडातून चिमटा आत सोडला. तुकडा स्पर्शिकांवर अलगद ठेवला. बाहेरून मासा बाटलीला धडका देत होता. आत स्पर्शिका वाकल्या. तुकडा हळूहळू सरकला, वळीतलं तोंड उघडलं, आणि तो आत गेला.

“खाल्लं!” सिस्टर किंचाळल्या. “खाल्लं रे! अरे, खाल्लं त्याने!” शेजारीण दार उघडून धावत आली, तिला वाटलं काही झालं. झालंच होतं. सिस्टरनी खाऱ्या ओल्या हातांनी तिला मिठी मारली आणि ती बिचारी काही न कळून हसत सुटली.

त्यानंतर अक्रोडाने मागे वळून बघितलं नाही. रंग भरला. फुगून तो दगडावर मावेना. पांढऱ्या कडेवरून नवं मांस उतरायला लागलं, हिरवंगार. खारटकाका येऊन बघून गेला आणि त्याच्या तोंडून फक्त “अरे वा” निघालं, आणि त्या माणसाच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळ झालं. सुनेला सिस्टर फोनवर म्हणाल्या, “आता ये आणि स्वतःच बघ.” फोटो पाठवायला त्यांनी साफ नकार दिला.

सून आली ती संध्याकाळी. बॅग दारातच टाकून, चपला घालूनच आत गेली, आणि सिस्टर त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. टाकीपुढे ती गुडघ्यांवर बसली. दिवे मंद होत होते. अक्रोडाच्या साऱ्या वळ्यांतून स्पर्शिका बाहेर आल्या होत्या.

सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. “काय गं? बरा दिसत नाही का?”

सुनेने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा भिजला होता. “आई, बाबा गेल्यापासून याने स्पर्शिका काढल्याच नव्हत्या.”

“म्हणजे?”

“ते रोज हाताने भरवायचे. ते गेले आणि मी घाबरले. काही चुकलं तर हाही जाईल, म्हणून पाणी स्वच्छ, सारखं स्वच्छ ठेवत राहिले. खायला घालायची हिंमतच झाली नाही. तो नुसता जिवंत होता. तुमच्याकडे दिला तेव्हा अर्धा उपाशीच होता, आई. आणि तुम्ही याला... हा बाबांच्या वेळी असा फुलायचा. अगदी असा.”

सिस्टर कमरेवर हात ठेवून कडाडल्या, “कार्टे, हे मला आधी सांगायला काय झालं होतं? घास उतरत नव्हता माझ्या घशाखाली!”

सून रडता रडता हसायला लागली, आणि हसता हसता तिने सासूला कमरेशी मिठी मारली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. सिस्टरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तिच्या हातात चिमटा दिला आणि बाटली पुढे केली.

“उठ. त्याची जेवायची वेळ झाली. त्या पिवळ्याकडे लक्ष ठेव, चोर आहे तो.”

सुनेने हात पाण्यात घातला. सिस्टरनी खालून कोपर धरलं. अक्रोडाने घास घेतला.